खेडूत कोणाला म्हणायचे?

मराठीत खेडूत म्हणजे खेड्यातला माणूस. जरासा भोळा, शहरात आला की रस्ता ओलांडताना बावरणारा. गुजरातीत खेडूत म्हणजे शेत खेडणारा, नांगर धरणारा, अर्थात शेतकरी. सुरत जिल्ह्यात नव्याने आलेल्या मराठी माणसाची या शब्दाने हमखास फसगत होते. कोणी त्याला ‘तमे खेडूत छो?’ असे विचारले की त्याला वाटते, आपल्याला गावंढळ म्हटले. तो तटकन ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.

मलाही हा प्रश्न एकदा एका महसूल कचेरीत विचारला गेला. शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. मी ‘हो’ म्हणालो आणि साक्री तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. त्यात माझे नाव आहे, आणेवारी आहे, पिकाच्या रकान्यात बाजरी आहे. समोरच्या गृहस्थांनी कागद उलटसुलट पाहिला, माझ्याकडे परत सरकवला आणि अगदी सौजन्याने म्हणाले, ‘साहेब, आ तो महाराष्ट्रनुं छे. अहीं तमे बिनखेडूत गणाओ.’

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांच्या पुढ्यात जो नियम होता तो त्यांनी वाचला. माझे भांडण त्या नियमाशी आहे, आणि तेही केवळ मला सचिनजवळ चार गुंठे भाजीपाल्यापुरती जमीन मिळाली नाही म्हणून नव्हे. हायस्कूलच्या मुख्याध्यापकाला भाजी विकत घेता येते. परंतु माझ्या शाळेत ज्यांची मुले शिकतात त्या खानदेशी कुटुंबांपैकी कितीतरी कुटुंबे ज्या घरात झोपतात त्या घराखालची जमीन आजही दुसऱ्याच्या नावावर आहे. याची एक मुळी याच ‘खेडूत-बिनखेडूत’ भानगडीत रुतलेली आहे. ती उकरून पाहण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम कायदा पाहू. गुजरातेत त्याला ‘गणोतधारा’ म्हणतात, आपल्याकडे ‘कूळकायदा’. नावे दोन, कायदा एकच : मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८. तेव्हा मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते आणि मोरारजी देसाई त्यात मंत्री होते. म्हणजे एका मराठी आणि एका गुजराती माणसाच्या सरकारातून हे अपत्य जन्माला आले. धुळ्याच्या कुळाला आणि सुरतेच्या गणोतियाला त्याने एकाच मापाने मोजले. पुढे १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारी कुळे तिची मालक मानली गेली. घटनेच्या नवव्या परिशिष्टात हा कायदा दुसऱ्या क्रमांकावर आहे. जमीनदारांनी मूलभूत हक्कांची ढाल पुढे करून तो मोडू नये म्हणून १९५१ साली त्याला तिथे नेऊन बसवले. इतकी मोठी तटबंदी कोणासाठी केली? कसणाऱ्यासाठी. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे सगळी कथा त्या तटबंदीच्या आत कोण आणि बाहेर कोण, याचीच आहे.

या कायद्याचे ६३ वे कलम सांगते की जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकता येणार नाही, दान देता येणार नाही, गहाण देऊन ताब्यात देता येणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी दिली तर गोष्ट निराळी. हेतू स्वच्छ होता. १८७५ साली सुप्यापासून उठलेले दख्खनचे दंगे सरकारला आठवत होते. सावकाराच्या घशात गेलेली जमीन परत काढणे किती अवघड असते हे १८७९ च्या शेतकरी संरक्षणाच्या कायद्यापासून सर्वांना कळून चुकले होते. तेव्हा जमीन शेतकऱ्यांच्याच हाती फिरत राहावी, ही योजना. मोडले तर ८४-क कलमाखाली व्यवहार अवैध ठरतो आणि अखेर जमीन सरकारजमा होऊ शकते.

आता शेतकरी कोण? व्याख्या दुसऱ्या कलमात आहे आणि ती एका ओळीची आहे : जो जातीने जमीन कसतो तो शेतकरी. मी ही ओळ पुष्कळदा वाचली आहे. तिच्यात गुजरात हा शब्द नाही. महाराष्ट्र हाही नाही. असणार कसा? १९४८ साली ही दोन्ही राज्ये अस्तित्वातच नव्हती. साक्रीत कसणारा माणूस तेव्हा चोऱ्यासी तालुक्यात शेतकरीच होता.

मग १ मे १९६० उजाडला. त्या दिवशी आपण मंगल कलश आणला, ते योग्यच झाले. पण राज्याची वाटणी करणाऱ्या मुंबई पुनर्रचना अधिनियमात ८७ क्रमांकाचे एक कलम होते, त्याची आठवण कोणी ठेवली नाही. त्याचा आशय असा : राज्ये वेगळी झाली म्हणून आधीचे कायदे ज्या प्रदेशाला लागू होते त्यात बदल झाला असे समजू नये, आणि त्या कायद्यांतला मुंबई राज्याचा उल्लेख हा, विधिमंडळ वा अधिकारी संस्था वेगळे काही ठरवीपर्यंत, वाटणीपूर्वीच्या संपूर्ण मुंबई राज्याचा उल्लेख समजावा. दोन भाऊ वेगळे निघाले तरी वडिलांनी घालून दिलेला पाणवठ्याचा वहिवाटीचा नियम चालू ठेवावा, असाच हा समंजस विचार. पुढे दोन्ही राज्यांनी आपापल्या कायद्यांची नावे आणि तपशील बदलून घेतले, तो त्यांचा अधिकार. जमीन हा विषयच घटनेने राज्यांच्या सूचीत घातला आहे. माझे म्हणणे एवढेच की शेतकऱ्याची ती एका ओळीची व्याख्या कोणी बदलली नाही. बदलले ते तिचे वाचन. महाराष्ट्रात परराज्यातल्या शेतकऱ्याचा दाखला पाहून त्याला शेतकरी मानण्याची रीत पडली. मावळात पवनेच्या काठी एका विख्यात नटाने उत्तर प्रदेशातला शेतकरी म्हणून जमीन घेतली तेव्हा २००७ च्या सुमारास गदारोळ झाला, तो तिकडची नोंद खरी की खोटी याबद्दल. तिकडचा शेतकरी इकडे चालतो का, हा प्रश्न मुख्य नव्हताच. गुजरातेत मात्र शेतकरी म्हणजे गुजरातेत जमीन असलेला शेतकरी, असे वाचन रूढ झाले. कलमे तीच, आकडेही तेच, अर्थ निराळा.

या वाचनातून काय काय निष्पन्न होते ते पाहण्यासारखे आहे. पूर्वी निदान एक तर्क होता. शेतकऱ्याने जमिनीपासून आठ किलोमीटरच्या आत राहावे, असा दंडक होता. जो जवळ राहील तोच जातीने कसेल, हे शाळेतल्या पोरालाही पटेल. १९९५ साली गुजरात सरकारने ही आठ किलोमीटरची अट काढून टाकली. आता उमरगावचा खातेदार पालनपूरला जाऊन शेत घेऊ शकतो. रात्रभर प्रवास करून जातीने कसायला जातो असे आपण मानायचे! पण नंदुरबारचा शेतकरी शिवेपलीकडच्या निझरमध्ये बांधाला लागून असलेले शेत घेऊ गेला तर तो बिनखेडूत. उमरगाव तालुक्यातली गावे १९६० साली ठाणे जिल्ह्यातून गुजरातेत गेली. नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा या पश्चिम खानदेशच्या तालुक्यांतलीही गावे गेली. गावे तिकडे गेली, सोयरीक दोन्हीकडे राहिली. ज्यांनी नवापूरचे रेल्वे स्टेशन पाहिले आहे त्यांना सांगायला नको. तिथे फलाटावर चालता चालता माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो. प्रवाशाला गंमत वाटते, फोटो काढतात. पण तीच रेघ शेतातून जाते तेव्हा तिच्या एका बाजूचा शेतकरी दुसऱ्या बाजूला पाऊल टाकताच शेतकरी राहत नाही.

बरे, ही तटबंदी सर्वांनाच अडवते काय? नाही. १९९७ साली गुजरातने कायद्यात ६३-कक हे कलम घातले. खऱ्याखुऱ्या औद्योगिक कामासाठी असेल तर बिनखेडूतालाही जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून शेतजमीन घेता येते. नंतर दाखला घ्यायचा, ठरल्या मुदतीत कारखाना सुरू करायचा. महाराष्ट्रानेही तशीच वाट काढून ठेवली आहे. मी उद्योगांच्या विरुद्ध नाही. सचिनची औद्योगिक वसाहत नसती तर आमच्या शाळेचे वर्ग भरले नसते, आणि मीही आज कुठे असतो कोण जाणे. पण न्याय पाहा. ज्या कंपनीला हात नाहीत, पाय नाहीत, जिने जन्मात नांगराचा रुमणा धरला नाही, ती शेतजमीन घेऊ शकते. ज्याच्या हाताला रुमण्याचे घट्टे आहेत तो मात्र सचिनला आला की बिनखेडूत.

एक पालक मला भेटायला आले होते. डाईंगच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करतात. पावसाळ्याच्या तोंडाला आठ दिवसांची रजा टाकून पेरणीला गावी जातात. बोलता बोलता त्यांनी अहिराणीत मला विचारले, ‘सर, मी तठे शेतकरी शे, मंग आठे कोन शे?’ मी त्यांना काय सांगणार?

इथे माझ्या मराठी बांधवांना एक गोष्ट जरा कडवटपणे सांगायची आहे. हा अन्याय फक्त आपल्यावर आहे असे समजून छाती पिटू नका. दक्षिण गुजरातेत हळपती नावाचा समाज आहे. हळ म्हणजे नांगर; हळपती म्हणजे नांगराचा धनी. गांधीयुगात त्यांना हे सन्मानाचे नाव मिळाले. त्यापूर्वी पिढ्यानपिढ्या ते ‘हाळी’ म्हणून जमीनमालकाच्या दारी बांधलेले असत. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी याच मुलखात राहून त्यांच्यावर ग्रंथ लिहिले आहेत. सचिन, पलसाणा, बारडोली या पट्ट्यात शेत कोणी नांगरले असे विचाराल तर उत्तर हळपतींनी हेच आहे. पण गणोतधाऱ्याने जमीन दिली ती कुळाला. हाळी हा कूळ नव्हता, मजूर होता. कायद्यात ‘जातीने कसणे’ याची व्याख्या अशी की स्वतः राबणे, घरच्यांनी राबणे, किंवा रोख वा धान्य मजुरी देऊन आपल्या देखरेखीखाली राबवून घेणे. बांधावर छत्री घेऊन उभा राहणारा जातीने कसतो आणि चिखलात उभा असणारा कसत नाही! बारडोलीचा १९२८ चा सत्याग्रह आपण वर्गात शिकवतो, शिकवलाच पाहिजे. पण त्यात वाचलेली जमीन हळपतीच्या नावावर नव्हती, हेही मुलांना सांगावे. नांगराचा धनी कागदोपत्री बिनखेडूत. तेव्हा या प्रश्नाला मराठी विरुद्ध गुजराती असा रंग देणाऱ्यांनी आधी आपल्या शेजारच्या फळियात डोकावून यावे.

आणि कच्छमधल्या पंजाबी शेतकऱ्यांकडेही पाहावे. १९६५ च्या युद्धानंतर सरहद्दीवरचा ओसाड मुलूख वसावा म्हणून लालबहादूर शास्त्रींच्या काळात पंजाब-हरियाणातून शेतकरी कच्छात आणले गेले. त्यांनी खाऱ्या जमिनीत पिके उभी केली. २०१० मध्ये जिल्हा प्रशासनाने त्यांची खाती गोठवली. कारण? तुम्ही गुजरातचे शेतकरी नव्हतात. लागू कायदा कोणता, तर १९५८ चा विदर्भ विभाग आणि कच्छ क्षेत्र यांचा कूळवहिवाट कायदा. विदर्भ आणि कच्छ एका दावणीला! मुंबई राज्याच्या विस्ताराची ही आठवण अजून कायद्याच्या नावात जिवंत आहे. २०१२ साली गुजरात उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने कौल दिला. सरकारने तो मान्य करून स्वस्थ बसावे की नाही? ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्याला देशाने बोलावून आणले त्याची ही वाट, मग आपण तर बिनबोलावता आलेले.

आता सचिनकडे वळतो. या गावाचा इतिहास फार थोड्यांना ठाऊक आहे. सचिन हे संस्थान होते, आणि ते जमिनीच्या अदलाबदलीतूनच जन्मले. जंजिऱ्याच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या बाळूमियाँ सिद्दीने १७९१ साली पेशव्यांशी करार केला. जंजिऱ्यावरचा आपला हक्क त्याने पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात गुजरातेत सचिनचा मुलूख घेतला. बाळूमियाँच्या वंशाने इथे १९४८ पर्यंत राज्य केले. पेशव्यांना काय मिळाले? कागद. जंजिरा काही त्यांच्या हाती आला नाही. तिथल्या सिद्द्यांनी तो सोडलाच नाही. करारपत्र पुण्यात आणि ताबा समुद्रात, असा तो व्यवहार.

आज त्याच सचिनमध्ये आमच्या लोकांचे नेमके उलटे झाले आहे. ताबा आहे, कागद नाही.

हे कसे होते ते सांगतो, कारण गावाकडच्या वाचकांना कल्पना नसेल. कारखान्यात नोकरी लागते, भाड्याच्या खोलीत चार-पाच वर्षे जातात, मग ओळखीचा कोणी ‘सोसायटीत प्लॉट आहे’ म्हणून सांगतो. सोसायटी म्हणजे शेतात चुना टाकून आखलेले चौकोन. जमीन शेतीचीच, बिनखेती करून घ्यायची तर वेळ जातो, पैसा जातो, नव्या शर्तीची असेल तर वर प्रीमियम भरावा लागतो. विकणारा तेवढा खर्च कशाला करील? आणि घेणारा तर बिनखेडूत, त्याच्या नावे शेतजमिनीचा दस्त व्हायचाच नाही. मग स्टँपपेपरवर साटाखत करतात, कब्जापावती लिहितात, एक कुलमुखत्यारपत्र जोडतात, नोटरीचा शिक्का मारतात. लाल शिक्का पाहून आमचा माणूस समाधानी होतो. भिंती उभ्या राहतात. विजेचे मीटर येते, वेराबिल येते, मतदार यादीत नाव येते, सचिन २०२० मध्ये सुरत महानगरपालिकेत आले तेही त्याला आपल्या घराला मिळालेली मान्यताच वाटते. दारावर तोरण, गणपतीची वर्गणी, सारे यथासांग. सातबारावर मात्र मूळ खातेदाराचेच नाव.

पंचवीस-तीस वर्षांनी मूळ खातेदार वारतो. वारसाई होते. जमिनीचे भाव शतपट झालेले असतात. एक दिवस वारस दारात उभे राहतात आणि म्हणतात, आम्ही सही केली नव्हती. कायदा काय म्हणतो? शंभर रुपयांवरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आणि १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. २०११ साली ‘सूरज लॅम्प’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साटाखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जुडग्याने मालकी जात नाही असे निःसंदिग्ध सांगितले. २०२० च्या जूनमध्ये त्याच न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात आणखी सांगितले की मृत्युपत्रानेदेखील बिनखेडूताला शेतजमीन देता येत नाही. म्हणजे दयाळू मालकाने मरताना लिहून दिले तरी उपयोग नाही. त्याच वर्षी गुजरातेत जमीन बळकावण्याविरुद्ध नवा कायदा आला. शिक्षा दहा ते चौदा वर्षे. तो भूमाफियांसाठी केला, आणि भूमाफिया आहेतच, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्याच्याकडे नोंदलेला दस्त नाही अशा गिरणीकामगाराला धमकावायलाही त्या कायद्याचे नुसते नाव पुरते. ‘चौदा वर्षे जाशील’ म्हटल्यावर तो घर सोडायला नाही तर दुसऱ्यांदा पैसे मोजायला तयार होतो.

मला सांगा, यात चूक कोणाची? चुना टाकून चौकोन विकणाऱ्याची, हे तर झालेच. पण ते विकले जात असताना रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या यंत्रणेची नाही? मीटर देताना तिला घर दिसते, कर घेताना दिसते, मत मागताना तर लांबूनच दिसते. दस्ताची वेळ आली की तिथे शेत दिसते, ज्यात गेली तीस वर्षे एक काडी उगवलेली नाही.

आपली मंडळेही मोकळी सुटत नाहीत. लिंबायत-उधन्यापासून सचिनपर्यंत मराठी मंडळांची संख्या मोजायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. हळदीकुंकू होते, लेझीम होते, पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होते. मीही त्या शाली घेतल्या आहेत, घरात एक ट्रंक भरली आहे. पण वर्षातून एक दिवस एखादा जाणता वकील बसवून लोकांच्या कागदांची तपासणी करावी, हे मी मांडले तेव्हा ‘सर, सणासुदीला कोर्टकचेरी नको’ असे उत्तर मिळाले.

दुसरीकडे महाराष्ट्रातून आलेले काही उत्साही पाहुणे एक तोड सुचवतात. म्हणतात, गुजरात आपल्याला घेऊ देत नाही ना, मग आपणही पालघरला, कोकणात, नाशकात गुजरात्यांना जमीन घेऊ देऊ नये. जशास तसे. टाळ्या पडतात. या तोडग्याला माझा कडाडून विरोध आहे. एका चुकीच्या वाचनाला उत्तर म्हणून आपणही तेच वाचन स्वीकारायचे, म्हणजे शिवेवरच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्याला कुंपणात कोंडायचे. याने मुंबईत बसून कंपनीच्या नावे डोंगर घेणाऱ्याचे काही बिघडणार नाही. त्याच्यासाठी दार आहेच. अडकेल तो निझरचा पाटील, ज्याची बहीण नंदुरबारला दिली आहे.

मग बेळगावकडच्या वाचकांना कर्नाटकाची आठवण होईल. तिथे २०२० मध्ये ७९-अ आणि ७९-ब ही कलमेच काढून टाकली. आता शेतकरी नसलेलाही तिथे शेतजमीन घेऊ शकतो. काही जण म्हणतात, गुजरातनेही हेच करावे. मला ते सरसकट पटत नाही. दार सताड उघडले तर पहिला आत येतो तो पैसेवाला, नांगरवाला नव्हे. तटबंदी हवी. तिच्या आत कोणाला घ्यायचे हे त्याच्या हातावरून ठरवावे, त्याच्या जिल्ह्यावरून नव्हे. आणि आदिवासींच्या जमिनींना दोन्ही राज्यांत जे निराळे संरक्षण आहे, गुजरातेत ७३-कक, महाराष्ट्रात ३६-अ, त्याला कोणीही हात लावू नये. ते कुंपण निराळ्या कारणासाठी आहे आणि ते आणखी उंच केले तरी माझी तक्रार नाही.

यावर महसुली मंडळींचा एक ठरलेला आक्षेप असतो : परराज्यातला सातबारा खरा की खोटा हे आम्ही कसे तपासायचे? बोगस खेडूत बोकाळतील. हसू येते. बोगस खेडूत इथे आधीच पुष्कळ आहेत. पेढीनाम्यात एखादा आजोबा वाढवून शेतकरी होण्याची कला या राज्यात चांगली अवगत आहे आणि वर्तमानपत्रे त्याच्या बातम्यांनी भरलेली असतात. उलट आज महाराष्ट्राचे महाभूलेख आणि गुजरातचे एनी-आरओआर, दोन्ही संगणकावर आहेत. साक्रीचा सातबारा सचिनच्या तलाटीला चहा थंड होण्याच्या आत पाहता येईल. हवी असेल तर आणखी कडक अट घाला. घेतलेली जमीन पाच वर्षे स्वतः कसलीच पाहिजे, विकता येणार नाही, पडीक ठेवली तर सरकारजमा. आमचा खरा शेतकरी या अटीला घाबरणार नाही. घाबरेल तो पेढीनाम्यातला आजोबा.

आणि घरांखालच्या जमिनीचा प्रश्न खेडूतपणाशी जोडूच नये. जिथे मनुष्यवस्ती होऊन दोन पिढ्या गेल्या, तिथे सरकारने स्वतः मोजणी करून, वाजवी आकार घेऊन, ती जमीन बिनखेती ठरवावी आणि राहणाऱ्याच्या नावे दस्त नोंदवून द्यावा. मूळ खातेदाराचे पैसे बाकी असतील तर तेही त्या मोजणीत चुकते व्हावेत. फुकट कोणाला नको आहे. ज्यांनी एकदा पैसे मोजले तेही कायदेशीर कागदासाठी पुन्हा थोडे मोजायला तयार आहेत, हे मी दारोदार बोलून सांगतो आहे. तोवर ज्यांना प्लॉट घ्यायचा आहे त्यांनी एवढे तरी करावे : सातबारा, आठ-अ आणि सहा नंबरच्या फेरफार नोंदी स्वतः काढाव्यात, बिनखेतीचा हुकूम प्रत्यक्ष पाहावा, आणि दुय्यम निबंधकासमोर दस्त होणार नसेल तर बयाणाही देऊ नये. वेराबिल हा मालकीचा पुरावा नाही. नोटरीचा लाल शिक्काही नाही.

मोठ्या सुधारणेला वेळ लागतो, समित्या बसतात, उठतात. पण व्याख्येच्या दुरुस्तीला एक वाक्य पुरेल. गुजरातच्या विधानसभेने दुसऱ्या कलमाखाली ते स्पष्टीकरण म्हणून घालावे. मी आमदारांना पाठवण्यासाठी त्याचा मसुदा मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांत केला आहे, सह्या गोळा करणे सुरू आहे. मराठीत तो असा : ‘स्पष्टीकरण : या कलमापुरते, भारतातील कोणत्याही राज्यात जो जातीने जमीन कसतो, आणि मजुरीने का होईना ज्याने जमीन सलग दहा वर्षे स्वतः नांगरली आहे, त्यास शेतकरी समजण्यात येईल, त्याची जमीन कोणत्या राज्यात आहे, किंवा त्याच्या नावावर जमीन आहे किंवा नाही, हे पाहिले जाणार नाही.’